फेल्टचं सफरचंदाचं झाड : चार चित्रं डब्यात, मधली वाढ आपण शिवायची

नाशिकला मेन रोडच्या शैक्षणिक साहित्याच्या दुकानांत फेल्टच्या कापडाचा एक संच सध्या दिसतो, ‘सफरचंदाच्या झाडाचे चार ऋतू’ नावाचा. किंमत साडेआठशेच्या आसपास. डब्यावर ‘वय ३ ते ६’ छापलंय. बालवाडीच्या किंवा छोट्या-मोठ्या शिशूच्या ताईंनी तो घ्यावा का? घ्यावा, पण सुईदोरा जवळ ठेवून. कापड बरं आहे, आकार मोठे आहेत, मुलांचे हात आपोआप त्याच्याकडे जातात. अडचण एवढीच, की झाड ज्या टप्प्यांत बदलतं नेमके तेच टप्पे डब्यात नाहीत.

डब्यात निघतं ते असं : ६० बाय ४५ सेंटिमीटरचा निळसर फळा, पाच फांद्यांचं तपकिरी खोड, पानांचे तीन झुपके (पोपटी, गर्द हिरवा, नारिंगी-लाल), बर्फाचा एक पांढरा थर, आठ गुलाबी फुलं, दहा लाल सफरचंदं, एक मधमाशी, घरटं, टोपली, पुठ्ठ्याचं ऋतुचक्र आणि आठ पानांची पुस्तिका. पुस्तिका फेकून दिली तरी चालेल. ऋतुचक्राबद्दल पुढे येतंच.

आधी कापडाचं बघू. खोड आणि फळं जाड फेल्टची आहेत, कडा उसवत नाहीत. फळा मात्र पातळ आहे. भिंतीला टांगला की मधे पोट सुटतं, आणि खालच्या टोपलीत दोन सफरचंदं जास्त टाकली की सगळाच खाली ओढला जातो. मागे सनबोर्डचा (हलक्या, कडक फोम-पत्र्याचा) तुकडा घालून चारी कडांना टाके मारले की काम होतं. तुकड्यांच्या मागे वेल्क्रोची खरखरीत बाजू गोंदाने चिकटवलेली आहे आणि फेल्ट हीच तिची मऊ बाजू. महिनाभराच्या वापरानंतर त्या खरखरीत टिकल्यांत कापडाचे तंतू अडकतात आणि फुलं गळायला लागतात. वेल्क्रो संपलं असं समजून फेकू नका, जुन्या टूथब्रशने उलट दिशेने घासलं की पकड परत येते. खरा धोका एप्रिलमधे. पत्र्याच्या खोलीत तापलं की गोंद मऊ होतो, टिकली सुटते आणि ती कुणाच्या तरी तोंडात जाते. म्हणून आणल्या दिवशीच प्रत्येक टिकलीवर दुहेरी दोऱ्याने फुलीसारखे चार टाके घालावेत. साधारण तास-दीड तासाचं काम आहे.

मधमाशी अडीच सेंटिमीटरची आहे. सुमारे ३.२ सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायची नसते, हा खेळण्यांचा सर्वसाधारण नियम. डब्यावरचं वय त्या हिशेबाने बरोबर आहे, पण बालवाडीत अडीच वर्षांचं पोरही येऊन बसतं. मधमाशी ताईंच्या बोटावरच राहू दे.

आता झाडाकडे. पुस्तिकेतलं मधलं वाक्य आहे, ‘फुलं काढून टोपलीत ठेवा, टोपलीतून सफरचंदं घेऊन झाडाला लावा.’ इथेच सगळं बिघडतं. मूल यातून काय शिकतं? फुलाचा काळ संपतो, मग टोपलीतून फळ येतं. फुलाचंच फळ होतं, ते त्याच देठावर, त्याच जागी होतं, ही या धड्यातली एकमेव खरी मोठी गोष्ट, आणि संचात तिलाच जागा नाही.

सफरचंदाची फुलं झुपक्याने येतात. एका झुपक्यात पाच-सहा, त्यातलं मधलं बहुतेक वेळा सर्वांत आधी उमलतं. कळी गडद गुलाबी असते आणि उमलता उमलता पांढरी पडत जाते. म्हणजे संचातली एकसारखी गुलाबी फुलं अर्धवट खरी. पाकळ्या पाच. मधमाशी दुसऱ्या जातीच्या झाडावरचे परागकण घेऊन आली तर फळ धरतं, कारण सफरचंदाच्या बहुतेक जातींना स्वतःचे पराग चालत नाहीत. म्हणूनच डेलिशस जातीच्या बागेत मधेमधे गोल्डन जातीची झाडं लावतात आणि हिमाचलात फुलोऱ्याच्या दिवसांत बागायतदार मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणतात. पाकळ्या गळतात, पण फुलाचा तळ झाडावरच राहतो. तो फुगतो. फुलाखालची हिरवी निदलं, म्हणजे कळी झाकणारी छोटी पानं, गळत नाहीत, सुकून फळाच्या बुडाशी चिकटून राहतात. फळवाल्याकडचं कुठलंही सफरचंद उलटं करा : देठाच्या विरुद्ध टोकाला खळगा असतो आणि त्यात काळपट, चुरगळलेला तुरा. ते फूल आहे, किंवा फुलाचं जे उरलं ते. पाच वर्षांच्या मुलाच्या हातात भिंग देऊन तो तुरा दाखवला तर आठ पानांच्या पुस्तिकेपेक्षा जास्त काम होतं.

संच दुरुस्त करायला हिरव्या फेल्टचा ए-४ आकाराचा एक ताव पुरतो. त्यातून तीन मापांचे गोल कापायचे : १ सेंटिमीटर, अडीच आणि ४, म्हणजे वाटाणा, सुपारी आणि लिंबू. वाटाण्याएवढे पाच गोल फांद्यांवर पक्के शिवून टाकायचे, सुटे ठेवायचे नाहीत. त्यांच्यावर फुलं लावायची. फुलं उचलली की खाली हिरवा ठिपका आधीपासूनच असतो. त्याच ठिपक्यावर आठवड्याने सुपारी, मग लिंबू, मग लाल सफरचंद. लाल सफरचंदांच्या खालच्या कडेला काळ्या लोकरीचे दोन-तीन टाके घातले की तुराही झाला.

आठ फुलं आणि ठिपके मात्र पाच, हे मुद्दाम. उरलेल्या तीन फुलांखाली काहीच नसतं आणि मुलांच्या ते लगेच लक्षात येतं. ‘इथलं कुठे गेलं?’ हा प्रश्न यायलाच हवा. प्रत्येक फुलाला मधमाशी भेटत नाही. आणि जास्त फळं धरली तर झाड स्वतःच काही छोटी फळं गाळतं. आपल्या मुलांना हे परकं नाही. आंब्याला मोहर किती आणि कैऱ्या किती, हे अंगणात आंबा असलेल्या घरातलं पोर ताईंनाच सांगेल.

पानांचे झुपके एकसंध आहेत, हा दुसरा मोठा दोष. टोपी काढावी तसं अख्खं झाड एका झटक्यात उघडं होतं. पानगळ अशी नसते, एकेक पान सुटतं. नारिंगी झुपका सरळ कात्रीने कापून त्याची पंचवीस-तीस पानं करा आणि रोज चार-पाच मुलांकडून खाली पाडून घ्या. आठवडाभर झाड विरळ होत गेलेलं दिसतं. रंगाबद्दलही तक्रार आहे : शरदात सफरचंदाची पानं पिवळी, तपकिरी पडतात. तो भडक नारिंगी-लाल दुसऱ्याच कुठल्या झाडाचा, बहुधा मेपलचा, उचललेला दिसतो. जमलं तर पिवळ्या फेल्टची दहा-बारा पानं मिसळावीत, नाही जमलं तर सोडून द्यावं.

एक गोष्ट मात्र संच बनवणाऱ्यांनी अचूक केली आहे. फुलं उघड्या फांदीवर न लावता पोपटी झुपक्यावर लावायला सांगितली आहेत. सफरचंदाच्या एकाच डोळ्यातून, म्हणजे फांदीवरच्या मिटलेल्या कोंबातून, पानं आणि फुलं दोन्ही निघतात आणि पानं किंचित आधी डोकावतात. आपल्या काटेसावरीसारखं किंवा पळसासारखं निष्पर्ण फुलणं हा त्याचा स्वभाव नाही.

हिवाळ्याचं झाड नुसतं गुळगुळीत खोड आहे. त्यावर पांढरा थर टाकला की हमखास एक आवाज येतो : ‘ताई, झाड मेलं.’ याला ‘नाही रे, झोपलंय’ एवढं उत्तर देऊन भागत नाही, कारण मेलेलं आणि झोपलेलं यात दिसायला काहीच फरक नाही. फरक डोळ्यांत असतो. पुढच्या वर्षीच्या फुलांचे डोळे आदल्या उन्हाळ्यातच, यंदाची फळं फांदीवर असतानाच बनलेले असतात. थंडीभर ते खवल्यांत मिटून बसतात. तपकिरी लोकरीच्या बारा-पंधरा गाठी फांद्यांच्या टोकांवर मारून ठेवा. झाड उघडं पडलं की त्या गाठी बोटाला लागतात, पानं लावली की झाकल्या जातात. मूल चाचपून बघतं. या एका दुरुस्तीला दहा मिनिटं लागतात.

आता ऋतुचक्र. त्यावर मराठीत लिहिलंय : वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा. इंग्रजी चक्राचे शब्द कुणीतरी शेजारी शेजारी ठेवून बदललेत, बाहेर डोकावून न बघता. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. दसरा, कोजागरी, धुतल्यासारखं आभाळ, पावसाळा नुकताच सरलेला आणि गोदाकाठ हिरवागार. त्या दिवसांत वर्गात ‘शरदात पानं गळतात’ म्हणायचं आणि खिडकीबाहेर एकही पान पडताना दिसू नये, यात मूल चक्रावर विश्वास ठेवील की खिडकीवर? आपली पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनातली, आणि तिचं कारणही बरंचसं वेगळं. काश्मीर-हिमाचलात दिवस लहान होतात, थंडी वाढते, पानातलं हरितद्रव्य मोडतं आणि देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होऊन पान सुटतं. आपल्याकडच्या कोरड्या रानात पाणी तुटायला लागलं की झाड पानं टाकून खर्च कमी करतं. चार वर्षांच्या मुलाला यातलं एवढंच पुरे : ‘तिकडे खूप गारठा म्हणून, इकडे पाणी कमी म्हणून.’ आणि चार घरांत आपला पावसाळा कुठेच नाही! जुलैच्या सरींत बसून पाऊस नसलेलं वर्ष शिकवायचं, हा विनोद नाशिकच्या कुठल्याही ताईंना समजेल.

उपाय सोपा आहे. चक्रावरची नावं कागदाने झाका आणि तिथे महिन्यांची नावं लिहा, वर मोठ्या अक्षरांत ‘हिमाचल’. डिसेंबर-जानेवारी बर्फ आणि डोळे, मार्चअखेर ते एप्रिल फुलं, मे-जून हिरवी फळं, जुलैअखेरपासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तोडणी (जात आणि बागेची उंची यांवर पुढेमागे), नोव्हेंबरात पानगळ. फूल ते पिकलेलं फळ, डेलिशसला साधारण चार-पाच महिने. हे महिने खरे आहेत हे मुलांना फळांच्या गाडीवरही दिसतं : गणपतीच्या सुमारास नवं सफरचंद स्वस्त होतं, मार्चमधलं महाग सफरचंद शीतगृहातलं किंवा परदेशातलं.

बर्फाच्या थराचं काय करायचं? नाशिकच्या मुलाने गारा बघितलेल्या असतात, बर्फ नाही. निफाडला कडाक्याच्या थंडीत पारा पाच अंशांच्या खाली जातो तरी हिमवर्षाव होत नाही. गारा दाखवून ‘असाच’ म्हणू नका, गारांनी फळ फुटतं, द्राक्ष असो की सफरचंद. हिमाचलातल्या बागांवरही गारांसाठी जाळ्या टाकलेल्या असतात. फ्रीजरच्या भिंतीवरचा भुसभुशीत थर चमच्याने खरवडून बशीत आणला तर जास्त जवळचं दिसतं.

वर्गात वापरताना सर्वांत मोठी चूक म्हणजे घाई. पुस्तिका चारही ऋतू एका तासात उरकायला सांगते, आणि मग मुलांच्या डोक्यात चार चित्रं राहतात, झाड राहत नाही. एका वेळी सहा ते आठ मुलं, पंधरा मिनिटं, एका आठवड्याला एकच टप्पा. फळा भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला, जमिनीपासून सत्तर-ऐंशी सेंटिमीटरवर. सगळे तुकडे एकदम पुढे ठेवले तर सफरचंदांची मारामारी ठरलेली. त्या आठवड्याचे तेवढेच टोपलीत ठेवा, बाकी कपाटात. टप्पा बदलण्याआधी विचारा, ‘उद्या इथे काय दिसेल?’ चुकीचं उत्तर आलं तरी तसंच लावून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी खऱ्या फोटोशी जुळवा.

सोबत एक खरं सफरचंद हवंच. उभं कापतो तसं न कापता आडवं कापा : मधे पाच टोकांची चांदणी. पाच कप्पे, प्रत्येकात साधारण दोन बिया. फुलाला पाकळ्या पाच होत्या हे इथे आठवतं आणि मुलं स्वतःच बोटं मोजतात. ठसेकाम करायचं तर कापलेला भाग आधी फडक्याने कोरडा टिपा, नाहीतर रसामुळे रंग घसरतो आणि चांदणी उठत नाही. पोस्टर कलर पाणी न घालता, स्पंजवर पसरून घ्यावा. पाठीत काटा खुपसला की धरायला दांडा होतो. खाण्याचं सफरचंद वेगळं ठेवा. चार वर्षांखालच्या मुलांना कडक फोडी देऊ नका, घशात अडकतात. पातळ चकत्या किंवा किसून द्या. बी गिळलं गेलं तर घाबरायचं कारण नाही, पण चावायला देऊ नये, त्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं.

कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीचं साहित्य आजूबाजूच्या परिसरातून उभं केलं. त्या नजरेने पाहिलं तर हिमाचलचं झाड एकटं भिंतीवर टांगणं अपुरं आहे. शेजारी इथलं एक झाड हवं. शाळेच्या आवारात देवचाफा असेल तर तोच घ्या : थंडीत पानं टाकून बोथट फांद्या उघड्या पडतात, उन्हाळ्यात फुलतो. पिंपळही चालेल, शिशिरात झडतो आणि लगोलग तांबूस पालवी येते. दर महिन्याच्या १ तारखेला त्याच जागेवर उभं राहून एक फोटो काढा, फळ्याशेजारी ओळीने चिकटवा. बारा फोटो झाले की विकतच्या चक्राची गरज उरत नाही.

आणि नाशिकमधे द्राक्षं सोडून कसं चालेल? सफरचंदाला ऋतू झोपवतो आणि ऋतूच उठवतो. आपल्या द्राक्षाला कात्री. एप्रिलमधे खरड छाटणी (नव्या काड्या वाढवायला), ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी (फळासाठी). गोडी छाटणीनंतर डोळ्यांना पेस्ट लावतात, ती हायड्रोजन सायनामाइडची; थंडीने जे काम व्हायचं ते पुरेसं होत नाही म्हणून डोळे एकसारखे फुटायला दिलेला तो धक्का. मग पोंगा (नुकता फुटलेला कोंब), घड, फुलोरा, मणी, मण्यांत पाणी उतरणं (मणी मऊ पडणं) आणि साधारण चार महिन्यांनी तोडणी. हे सगळे टप्पे सहामाहीनंतरच्या शाळेच्या दिवसांत बसतात, म्हणजे दिंडोरी-निफाडकडच्या ताईंना जिवंत धडा बांधावरच मिळतो. पेस्ट आणि फवारणीच्या दिवसांत मात्र मुलांना बागेत नेऊ नका. बागवाल्यांना विचारून, फवारणीनंतर पुरेसे दिवस गेल्यावरच जा.

‘मग आपण सफरचंद लावू या का?’ हा प्रश्न पालकांकडूनही येतो. बी रुजवता येतं. आठ-दहा बिया धुऊन, ओल्या टिश्यूत गुंडाळून, झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीजरमधे नको. दर आठवड्याला उघडून बघा, बुरशी दिसली तर बी धुऊन टिश्यू बदला. दोन ते तीन महिन्यांत पांढरं मूळ डोकावतं. शीतगृहातल्या फळाच्या बिया कधीकधी त्याआधीच फुटतात. मग एक सेंटिमीटर खोल कुंडीत. जूनच्या मध्यात शाळा उघडल्यावर सुरुवात केली तर पाऊस ओसरताना रोपं वर येतात. फळाचं आश्वासन मुलांना देऊ नका. बियांपासूनचं झाड आईबापासारखं निघत नाही, फळाला बरीच वर्षं घेतं. आणि डेलिशससारख्या जातींना सात अंशांखालची हजार तासांच्या आसपास थंडी लागते, ती आपल्याकडे नाही. कमी थंडीवर येणाऱ्या जाती वेगळ्या, ‘अन्ना’ किंवा हिमाचलातल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी तयार केलेली ‘एचआरएमएन-९९’. त्यांची कलमं लावतात, बी नाही.

साडेआठशे रुपये आणि वर एक दुपार, असा या संचाचा खरा हिशेब आहे. शिवणाची आवड असलेल्या ताईंनी तो न घेता फेल्टचे सात-आठ ताव आणि हातभर वेल्क्रो आणलं तर बऱ्याच कमी पैशांत जास्त खरं झाड होईल. पानंही पहिल्यापासून सुटी करता येतील. ज्यांना खोड, फांद्या आणि फळा तयार हवा त्यांनी संच घ्यावा. घेताना डबा दुकानातच उघडून सफरचंदं मोजा, दोन टिकल्या नखाने ओढून बघा आणि चक्र एकदा पूर्ण फिरवा. मधली पिन सैल असेल तर दुसरा डबा मागा.